बाहेरची कडी

माझे वडील लेखक आहेत. देवासात हे कोणाला सांगावं लागत नाही. पुण्याकडच्या लोकांना मात्र सांगावं लागतं, की मराठीत इतकी पुस्तकं लिहिणारा माणूस माळव्यात राहतो आणि अजून जिवंत आहे. आणीबाणीत त्यांना मिसा कायद्याखाली उचललं होतं. दीडएक वर्ष आत होते. सुटल्यावर त्यांनी जे जे लिहिलं, कादंबऱ्या, कथा, आठवणी, ते सगळं त्या दीड वर्षातून काढलं. प्रत्येक पुस्तकात तीच कोठडी, तेच एकटेपण, तेच बाहेरून बंद झालेलं दार. समीक्षक लिहितात, एका अनुभवाचा इतका तळ मराठीत फार थोड्यांनी गाठला. गाठला असेल बाई. पण विहिरीत उतरणाऱ्याचा दोर वर कोणीतरी धरून बसलेलं असतं, ते कोण, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही.

मीच सांगते आता. माझेही केस पांढरे झाले, आई गेली, भीड धरायची तरी कोणाची?

आम्ही वडिलांना नाना म्हणतो आणि अहोजाहो करतो. पणजोबा संस्थानात कारकून होते तेव्हापासूनची ही पद्धत. संस्थान गेलं, कारकुनी गेली, अहोजाहो तेवढं राहिलं. नानांना पकडलं तेव्हा मी पहिलीत होते. ते शाळेत शिकवायचे आणि एका साप्ताहिकात काहीबाही लिहायचे, त्यातलं काहीतरी वर कोणाला झोंबलं. सकाळी पोलीस आले, चहा पुरा करू दिला आणि घेऊन गेले. दुपारपर्यंत सगळ्या मोहल्ल्याने आमच्याकडे पाठ फिरवली. नळावर बायका आईशी बोलेनात. आई तेव्हा तिशीचीसुद्धा नव्हती. लोकांच्या मुलांना हिंदी-गणित शिकवून तिने घर चालवलं. मुलाखतीच्या दिवशी मला हाताला धरून, डबा घेऊन, ती तुरुंगाच्या फाटकाशी उन्हात उभी राहायची. शिपाई डब्यातल्या पोळ्या बोटाने टोचून बघायचा, आत चिठ्ठीबिठ्ठी आहे का म्हणून. त्या टोचलेल्या पोळीवर नानांनी पहिल्या पुस्तकात पानंच्या पानं लिहिली आहेत. लोक ती वाचून रडतात. पोळी आली आहे, शिपायाचं बोट आलं आहे, त्या बोटाचं काळं नखसुद्धा आलं आहे. पोळी लाटणारी बाई आलेली नाही. जशी काही ती पोळी देवासहून एकटीच बसमध्ये बसून आली होती.

सुटून आले तेव्हा हार, ढोल, उघड्या जीपमधून मिरवणूक. नळावर तोंड फिरवणाऱ्या बायकाच पेढे घेऊन आल्या. नोकरी परत मिळाली. मग नाना लिहायला बसले, आणि काही येईना. कोरे कागद, सिगरेटी आणि चिडचिड. आमच्या हातून चमचा पडला तरी घर डोक्यावर घ्यायचे. असं बरेच महिने चाललं.

आमच्या मागच्या खोलीत गव्हाची पोती असायची. शेजारची मांजर जाऊन पोत्यांवर घाण करायची, म्हणून त्या खोलीला बाहेरून कडी घालायची आईच्या हाताला सवय लागली होती. येता-जाता हात आपोआप कडीवर जायचा. एका सकाळी नाना जरा गारवा म्हणून त्या खोलीत जाऊन बसले. आईला पत्ता नाही. तिने सवयीने कडी घातली आणि मला घेऊन टेकडीवर देवीला गेली. आम्ही परत आलो तोवर जेवणवेळ टळून गेली होती. नाना कुठे दिसेनात. शेवटी आईने ती कडी काढली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला आपण आपल्याच घरात कोंडलं, आता काय होणार, असं तिला झालं. नाना पोत्यावर मांडी घालून बसले होते. मांडीवर पाट, पाटावर कागद, आणि कागद काठोकाठ भरलेले. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "उद्यापण लाव."

आई तोंडाला पदर लावून हसली. मला ते हसू चांगलं आठवतं. तिला वाटलं असणार, एक-दोन दिवसांचं खूळ आहे. ते तिच्या मरणापर्यंत चाललं.

सकाळचा चहा झाला की नाना मागच्या खोलीत जायचे. आतून आवाज यायचा, "लाव गं." आई कडी लावायची. जेवणवेळेला काढायची. आतली कडी होती की दाराला, पण ती चालत नव्हती. आतली कडी आपण लावतो आणि आपणच काढतो, म्हणून लिहिणं येत नाही, असं त्यांनी एकदा एका मुलाखतकाराला फार सुंदर शब्दांत सांगितलं. बाहेरची कोण लावतं, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातही आलं नाही. मधल्या वेळात आई घर सोडू शकत नव्हती. नानांच्या पोटात दुखलं, पोत्यामागून विंचू निघाला, तर उघडणार कोण? तेवढ्यासाठी नानांनी शाळेत दुपारपाळी मागून घेतली होती. आईला सकाळचं लग्न नाही, सकाळचा सत्यनारायण नाही, सकाळची बस नाही. ते दुपारी सुटायचे, मग वाढणं, भांडी, माझा अभ्यास, आणि संध्याकाळी त्यांनी लिहिलेलं सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं कामही तिचंच. नानांचं अक्षर पुण्याच्या प्रेसला लागायचं नाही.

तिचं माहेर धारचं. एकदा सकाळी तिकडून माणूस आला, वडिलांचं काही खरं नाही, असाल तशा निघा. आईने पिशवी भरली आणि ती स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली. मी म्हटलं, "उघड ना. सांग ना नानांना." तर म्हणाली, "मधेच उघडलं की त्यांचं तुटतं गं." जेवणवेळ झाली, कडी काढली, पान वाढलं, मग आम्ही बस धरली. इंदूरला बस बदलून धारला पोचलो तेव्हा घरात नुसत्या बायका होत्या. पुरुष घेऊन गेले होते. आईने आपल्या बापाचं तोंड बघितलं नाही. त्या दिवशी नानांनी जे लिहिलं, ते पुढे त्यांच्या गाजलेल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण झालं. ते मी शाळेत असताना वाचलं आणि नंतर कधी उघडलं नाही. माझ्याने उघडवत नाही.

पुढे माझं लग्न धारलाच झालं. मी तिथे सरकारी शाळेत हिंदी शिकवायची, हे पीथमपूरला कंपनीत. बरं चाललं होतं. आई गेली ती अचानक, सकाळी चहाचं आधण ठेवताना. तेरावं झालं, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी नाना चहा पिऊन उठले, मागच्या खोलीत शिरले, आणि आतून म्हणाले, "लाव गं." तोच सूर. नाव नाही, विचारणं नाही, जणू आई काय आणि मी काय, बाहेर एक हात असला म्हणजे झालं. मी लावली. त्या वेळी काय सुचणार होतं? चार दिवसांसाठी आले होते, ती स्वेच्छानिवृत्ती घेऊन इथेच राहिले. हे शनिवारी संध्याकाळी येतात, सोमवारी पहाटे जातात, बाकी धारला आपली खिचडी आपण शिजवतात. नणंद विचारते, "नाना हिंडते-फिरते आहेत, मग तू तिथे करतेस काय?" कडी लावायला नवरा सोडून बसले आहे, हे कोणत्या तोंडाने सांगू?

दर जूनच्या शेवटी, आणीबाणीच्या दिवसाला, त्यांना कुठे ना कुठे शाल मिळते. ते उभे राहतात, चष्मा काढून हातात घेतात आणि सांगतात, कोंडणारा माणूसही कोंडलेलाच असतो. टाळ्या पडतात. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. वाजवताना अंगाचा नुसता तिळपापड होत असतो.

मला त्यांच्याकडून माझ्यासाठी काही नको होतं. एकच हवं होतं. आता लिहीत होते ते पुस्तक शेवटचं असणार, हे त्यांनाही कळत होतं, वय ऐंशीला टेकलेलं. त्यात आई यावी. कुठेही यावी. अर्पणपत्रिकेत एक ओळ चालली असती. आधीची पुस्तकं तुरुंगातल्या सोबत्यांना अर्पण आहेत, गुरूंना आहेत, एक तर चक्क त्या साप्ताहिकाच्या संपादकाला आहे, जो पोलीस आल्यावर मागच्या दाराने पळाला होता. मी आडून-आडून बोलले नाही. जेवताना सरळ तोंडावर म्हटलं, "नाना, या पुस्तकात आईला घ्या."

"बघू," म्हणाले.

पुन्हा काही दिवसांनी म्हटलं. "साहित्यात घरच्या गोष्टी आणायच्या नसतात," म्हणाले. मी म्हटलं, "मग ती पोळी काय सरकारने लाटली होती?" ते अर्ध्या जेवणावरून उठले. पण मी सोडलं नाही. वर्षभर पिच्छा पुरवला. लिहिलेलं ते आता मला दाखवत नव्हते, परस्पर पुण्याला पाठवत होते, तिथे कोणी टाइप करून घेत होतं. त्यामुळे मला विचारण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. शेवटी एक दिवस वैतागून म्हणाले, "आहे गं बाई, आहे तुझी आई पुस्तकात. आता जेवू दे." मला रात्रभर आनंदाने झोप नाही. सकाळी ह्यांना धारला फोन करून सांगितलं, आई पुस्तकात आहे म्हणून. हे म्हणाले, चला, देर आये.

पुस्तक आलं. पार्सल फोडून मी आधी अर्पणपत्रिका बघितली. 'सुटकेची वाट पाहणाऱ्या सर्वांना.' मग मनोगत बघितलं. प्रकाशक, चित्रकार, मुद्रितं तपासणारे, एक डॉक्टर, एक पुतण्या ज्याने कधीतरी कागद आणून दिले होते. आई नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नाही. मी पुस्तक मिटलं आणि फ्रिजवर टाकलं. वाचलंच नाही. म्हटलं, मरो. नानांना विचारलंही नाही, कारण विचारायला गेले असते तर तोंडातून काय निघालं असतं याची मलाच भीती वाटली.

इथल्या मराठी मंडळाने प्रकाशन ठेवलं. मंडळाचा सचिव चाळिशीचा आहे, वडील कारखान्याच्या नोकरीसाठी महाराष्ट्रातून आलेले. मराठी फाडफाड बोलतो, वाचायची वेळ आली की घाम फुटतो. मला म्हणाला, "मावशी, उतारा तुम्हीच वाचा. आमच्यातल्या कोणाला वाचायला लावलं तर फजिती हो जाएगी." हे नेहमीचंच आहे. मंडळात पूजा सांगणारे आहेत, नाटकात काम करणारे आहेत, आणि मराठी पुस्तकाचं एक पान न अडखळता वाचणारे म्हटलं तर आम्ही दोन-चार म्हाताऱ्या. ज्यांच्यासमोर नानांचा सत्कार होतो त्यातल्या बहुतेकांनी त्यांची एक ओळ वाचलेली नाही. मी नाही म्हणणार होते. पण नानांनी पानात खूण घालून पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे वाच. नीट वाच." ऐंशी वर्षांच्या माणसाला भर सभेत तोंडघशी पाडणं माझ्याने झालं नाही.

सभागृह भरलं होतं. नानांचा एक जुना मित्र बदनावरहून आला होता, मंडीत अडत आहे त्यांची, दोघे तुरुंगात एकत्र होते. हिंदीभाषी, मराठी ऐकून समजतं, वाचता येत नाही. ते पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकवून बसले. मी उभी राहिले, खुणेचं पान उघडलं आणि वाचायला लागले. तुरुंगातल्या वॉर्डरचं वर्णन होतं.

'त्याचं नाव मला कधी कळलं नाही. मला ओळखीचे होते ते त्याचे पाय. डावा पाय तो जरा ओढत टाकी. दाराशी आला की एकदा खाकरे, जणू मी कोणी जनावर आहे आणि मला आधी सावध करायला हवं. मग एकच शब्द विचारी. झालं? काय झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती. सत्तेला तेवढंच हवं असतं.'

इथवर मी नेहमीच्या मास्तरणीच्या आवाजात वाचत होते. मग ओळीवरचं बोट थांबलं. आईचा डावा गुडघा पार गेला होता. कडी काढायच्या आधी ती खाकरायची, ते नाना दचकू नयेत म्हणून. आणि झालं, हे ती विचारायची, कारण भात गार व्हायला लागलेला असायचा. मी मान वर करून नानांकडे बघितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मी स्वतःला म्हटलं, उगाच काहीतरी मनात आणू नकोस, वॉर्डरचाही गुडघा दुखू शकतो. आणि पुढचा परिच्छेद वाचला.

'एक दिवस तो मला विसरला. दुपार झाली, तांब्यातलं पाणी संपलं, ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं आणि तिथूनही गेलं. मी दारावर थापा मारल्या. अंधार पडताना तो आला. अंगाला दवाखान्याचा वास होता आणि तो हसत होता. दुसरीकडे कुठेतरी आनंदाचं काही घडलं होतं आणि त्यात मी नव्हतो. त्याने क्षमासुद्धा मागितली नाही.'

तो दिवस माझ्या बाळंतपणाचा होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी देवासला आले होते. सकाळी नाना आत गेले, आईने कडी लावली, आणि थोड्या वेळात माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. मी घाबरून तिचा हात जो धरला तो सोडलाच नाही. तिने तशीच रिक्षा बोलावली. मुलगा उलटा होता, डॉक्टरीण म्हणाली दोघांचंही सांगता येत नाही. आई दिवसभर दवाखान्यात बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर उभी होती, पाण्याचा घोट न घेता. मुलगा रडला तेव्हा तिला आधी मी आठवले, मग नातू, आणि मग एकदम नाना. तशीच धावत घरी गेली. ज्या बाईने बाप मरताना कडी काढली नाही, तिच्या हातून जन्मात एकदा नियम मोडला, तोही माझ्यासाठी. आणि ते मी माइकवर मोठ्याने वाचत होते, सरकारी जुलूम म्हणून.

मी थांबले. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं. कोणीतरी मागून "वा" म्हटलं. एका बाईने पाण्याचा पेला पुढे केला. मी पाणी प्यायले आणि उरलेलं पान पुरं वाचलं. मुलांना शिकवायची सवय, धडा अर्धा सोडता येत नाही. टाळ्या थांबता थांबेनात. इंदूरहून आलेले पाहुणे बोलायला उठले आणि म्हणाले, हा वॉर्डर मराठी साहित्यात अमर होणार.

नंतर चहा-पोहे होते. बदनावरचे काका नानांजवळ आले. हातात पोह्यांची बशी, वर भरपूर सेव. म्हणाले, "भिया, एक बात बताओ. ये पैर घसीटने वाला कौन था? अपना वाला तो भला आदमी था, बीड़ी ला देता था. और कोठरी में कब रखा तुमको? अपन तो सब बैरक में साथ थे, दिन भर ताश चलती थी."

नाना म्हणाले, "साहित्य है वो. तुम्हारी समझ में नहीं आएगा."

काकांना राग आला नाही. ते माझ्याकडे वळले. "बेटी, तेरी मां की पोली की हम सब बाट देखते थे. कैसी लू में खड़ी रहती थी बेचारी, तेरे को ले के. भाभीजी पे कुछ लिक्खा के नहीं इन्होंने?" मी म्हटलं, "लिखा है, काका. अभी जो पढ़ा, वो भाभीजी ही हैं." ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे.

घरी आल्यावर मी नानांची शाल घडी केली, हार खुंटीला अडकवला, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. असं मी त्यांच्यासमोर कधी बसत नाही.

"नाना, तो वॉर्डर आई आहे."

"हो," म्हणाले. लाजणं नाही, चाचरणं नाही. "तूच मागे लागली होतीस ना, तिला पुस्तकात घ्या म्हणून. घेतलं. माझ्या सगळ्या लिखाणात इतकं जिवंत माणूस दुसरं नाही."

"कडी तुम्ही लावायला सांगत होतात. तिच्या अंगावर कशाला घालता?"

"सांगत मी होतो, लावत ती होती. रोज. एक दिवस नाही म्हणाली असती तर?" मग म्हणाले, "ती नाही म्हणाली नाही, म्हणून तर मी तिच्यावर लिहू शकलो."

मी विचारलं, "तिला माहीत होतं? तुम्ही तिला असं बघता, हे?"

"माहीत म्हणजे? ते प्रकरण जुनं आहे. तिनेच उतरवून काढलंय, ती जायच्या आधी."

मला ऐकून काही कळेना. म्हटलं, "उतरवून काढलंय म्हणजे, वाचलं तिने? सगळं? काही बोलली नाही?"

नाना आठवायला लागले. खरंच आठवत होते, खोटं बोलत नव्हते. "बोलली की. काम झाल्यावर कागद आणून ठेवले आणि म्हणाली, विसरले नव्हते हो मी, मुलीपाशी होते, तेवढं एक घाला. मी म्हटलं, घातलं तर वॉर्डर उरत नाही. मग गेली कुकर लावायला."

मी तिथून उठले. त्या रात्री मी ना जेवले, ना ह्यांचा फोन घेतला. माझ्या डोळ्यांसमोर आई दिसत होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाकून, चष्मा नाकावर, त्या सुरेख अक्षरात स्वतःला उतरवून काढताना. एक शब्द तिने बदलला नसेल. तिच्या मनात आलं असतं तर तेवढी ओळ तिला गुपचूप घालता आली असती. नानांनी पुन्हा वाचलंही नसतं. पण ती तसली नव्हती.

सकाळी चहा झाला. नाना मागच्या खोलीत गेले. मी भांडी विसळत होते.

"लाव गं."

मी नळ बंद केला, हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिले. "नाना, दाराला आतून कडी आहे. ती लावा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "त्याने होत नाही," म्हणाले. अगदी हळू.

"मग नका लिहू," मी म्हटलं आणि परत भांड्यांकडे आले.

जेवायला बोलवायला गेले तेव्हा ते पाटावर कोरा कागद घेऊन तसेच बसले होते. मी खाकरले नाही आणि झालं का, विचारलं नाही. पान वाढलंय, एवढं सांगितलं. तेव्हापासून रोज असंच आहे. ते सकाळी आत जातात, दार उघडं असतं, मांजर येऊन त्यांच्या पायाशी बसते. एक ओळ लिहून झालेली नाही. मी बाजारात जाते, टेकडीवर जाते, मधल्या वारी धारला जाऊन दोन दिवस राहूनही येते, आणि आल्या आल्या आधी त्यांचा कागद बघते. पुण्याहून प्रकाशकांचा फोन येतो, नानांचं नवीन काय चाललंय म्हणून. मी फोन तसाच खोलीत नेते आणि त्यांच्या हातात देते.